सकाळी वारा नसतो म्हणे!

"पहाटे लवकर उठा, वारा पडलेला असतो, किडे गारठून फुलावर बसलेले असतात, निवांत फोटो काढा." मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणं, शिकवणारा जो तो व्हिडिओ हेच सांगतो. सांगणारी मंडळी बहुतेक थंड देशांतली. गुहागरात, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा घरात राहणाऱ्याने ह्या सल्ल्याचं काय करायचं? आमच्याकडे जानेवारीतसुद्धा माशी गारठत नाही. उजाडून ऊन आलं की सातेरी मधमाशी तुळशीवर हजर, आणि एका मंजिरीवर दोन सेकंद टिकेल तर शपथ.

सामानाचं फार कौतुक नाही. जुना डीएसएलआर, 50 मिमीची लेन्स आणि दोघांच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूब. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही, त्यामुळे खऱ्या मॅक्रो लेन्सच्या मानाने स्वस्त. नळ्यांची एकूण लांबी 50 मिमीच्या आसपास गेली की माशी सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते. सातेरीची कामकरी माशी सेंटिमीटरभर, म्हणजे साधारण अर्धी चौकट भरली. आत सोनेरी पिना असलेलीच ट्यूब घ्या. बिनपिनांची घेतली तर कॅमेऱ्यावरून लेन्समधलं उजेडाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. ऑटोफोकस बंद. कॅमेरा धरून आपणच मागेपुढे डोलायचं आणि माशीचा डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. इथवर सगळं जमतं.

अडतं ते वाऱ्यापाशी. इतक्या जवळून छिद्र बारीक करून एफ 11 ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. मंजिरी वाऱ्याने बोटभर हलते. आता करा हिशोब. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा, आणि तो एकदा सुटला की संध्याकाळपर्यंत मंजिरी थांबायचं नाव घेत नाही. दोघांच्या मधे थोडा वेळ हवा खरोखर पडते, पण कुठल्या दिवशी किती वाजता, ते वारा जाणे. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, उकिडवा बसून राहायचो. झुळूक थांबली की माशी नाही, माशी आली की झुळूक. मधेच पोस्टमन, मधेच "भाजी हवी का" म्हणून हाक. हार्ड डिस्कभर माश्यांचे मागचे भाग जमले.

"मग शटर स्पीड वाढवा ना," असं सांगणारे भेटतातच. आगरात नारळ-पोफळींखाली उजेड असतो किती? वाढवला की फोटो काळा. त्यावर उपाय फ्लॅशचा, आणि तो लागू पडतो, कारण कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. हललेलं काही दिसतच नाही. पण फ्लॅश वारा थांबवत नाही. फोटो फराटलेला येत नाही, फोकसबाहेरचा येतो, एवढाच फरक. उघडा फ्लॅश मारलात तर माशीच्या गुळगुळीत अंगावर पांढरे ठिपके उठतात, ते वेगळंच. पुढे बटर पेपरचे दोन पदर लावा, मधे थोडी पोकळी ठेवून. माश्या फ्लॅशला बिचकत नाहीत, आपल्या सावलीला बिचकतात.

शेवटी वाऱ्याशी भांडण सोडून त्याला आडोसा केला. दोन काठ्यांना सुंभाने माडाच्या झावळीचा एक विणलेला झाप बांधला आणि वृंदावनाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा केला. तिसरी काठी जमिनीत रोवून तिला कपड्याचा चिमटा बांधला आणि मंजिरीचा देठ खालच्या अंगाला त्यात अलगद धरला. बाजारात ह्याच कामाची महागडी उपकरणं मिळतात म्हणे. माझ्या आयुष्यातला सातेरीचा पहिला धड फोटो ह्या चिमट्यावर निघाला: मागच्या पायावर परागाची पिवळी गोळी आणि डोळ्यांवरची लव, केस न् केस वेगळा. तो फोटो मी भेटेल त्याला दाखवला, लाजबिज काही ठेवली नाही.

आत्या हा सगळा खटाटोप ओटीवरून बघत होती. एकदा म्हणाली, "अरे, त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या रोज संध्याकाळी गडग्याजवळच्या (दगडी कुंपणाजवळच्या) काडीला लटकतात, त्यांचे काढ की. त्या कुठे पळतायत?" गेलो तर वाळक्या वेलाच्या काडीवर ओळीने निळपट्टी माश्यांचे नर. प्रत्येकाने जबड्याने काडी घट्ट पकडलेली, पाय सैल, पोटावर फिकट निळे पट्टे. हे नर रात्र अशीच काढतात, बहुधा रोज त्याच काडीवर. माद्या मातीतल्या बिळात झोपतात. मधमाश्यांच्या नरांना नांगी नसते, त्यामुळे बिनधास्त जवळ जा. थोडक्यात, ते व्हिडिओवाले ह्या एका माशीपुरते खरे ठरले. पहाटे उजाडायच्या आधी काडीपाशी पोचा, अंगावर दंवाचे थेंबही मिळतात. काडी बारीक असेल तर चिमटा इथेही लागतो.

ह्याच माशीची मादी वांग्याच्या फुलावर येते, पिवळे पुंकेसर मिठीत धरून थरथरते आणि टोकाच्या भोकांतून पराग झाडून घेते. आवाज हातभर अंतरावरून ऐकू येतो. सातेरीला ते जमत नाही. हा फोटो मला अजून मिळालेला नाही, वांग्याचं फूल खाली तोंड करून असतं आणि त्याखाली मी मावत नाही.

आणि हो, लेन्स बदलणं घरात, पंखा बंद करून. खाऱ्या हवेत बाहेर काढलेला कॅमेरा आत आणल्यावर किंचित ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल; केशरी दाणे हिरवट झाले की तापवून परत वापरता येतात. मोठी मॅक्रो लेन्स घेऊ का, असं मला विचारणाऱ्यांनी आधी एक पावसाळा हातातल्या लेन्सला बुरशी न लागू देता काढावा, मग बोलू.