खुनाचं गाणं, नाचायची चाल

मंगळवार, रात्री

अमेरिकन गायक बॉबी डॅरिनचं 'मॅक द नाइफ' आज कितीदा ऐकलं कोण जाणे. १९५९ साली हे गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पोरंपोरी त्यावर नाचली. आणि गाण्यात आहे काय? खुनांची यादी!

मूळ गाणं नाटकातलं. बर्लिन, १९२८. शब्द जर्मन नाटककार ब्रेख्तचे, चाल कुर्ट वाइलची, नाटक 'थ्री पेनी ऑपेरा'. पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच्यावरूनच आला. पहिला प्रयोग तोंडावर आलेला असताना हे पद घाईघाईनं लिहून नाटकात घातलं. तिकडे जत्रेत खुनाच्या कहाण्या चित्रं दाखवत गाणारे लोक असायचे. त्यांच्याच ढंगात रस्त्यावरचा गवई नाटकातल्या मॅकी नावाच्या गुंडाची कृत्यं सांगतो, बाजारभाव सांगावेत इतक्या थंडपणे.

संध्याकाळी पेटी काढून बसले. सुरुवात नुसती ग, प, ध. धैवतावर टेकायचं, की पुन्हा ग, प, ध. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात अभंग आणि नाट्यपदांशिवाय फारसं काही वाजत नाही, तरी आबांनी कॉटवर बसल्या बसल्या बोटांनी ठेका धरला.

"झ्याक हाय की गं. काय म्हणतोय त्यो?"

अर्थ सांगितला तशी बोटं थांबली. "आन् चाल अशी?"

हो, चाल अशीच! डॅरिनचं गाणं मला मूळ पदापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं ते त्यामुळेच. कडव्यामागून कडवं येतं तसा त्याचा सूर अर्ध्या अर्ध्या स्वरानं वर चढत जातो. मुडदे वाढतात तसा हा पठ्ठ्या आणखी खुशीत येतो, मागे बँड दणक्यात. गुंड देखणा असला, रुबाबात राहिला, की लोक त्याच्यावर खूश होतात, हे नाटकाला दाखवायचं होतं. रंगमंचावरून ते हजार-पाचशे लोकांना दिसलं असेल. इथं अख्खा देश ठेका धरून बसला.

डॅरिनच्या आधी, १९५५ मध्ये, जाझ गायक लुई आर्मस्ट्राँगनं ते गायलं होतं. पण आज मला खरा आनंद दिला जाझ गायिका एला फिट्झजेराल्डनं. १९६० मध्ये ती हेच गाणं बर्लिनमध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगावीच, गायला उभी राहिली आणि मध्येच शब्द विसरली. थांबली मात्र नाही. सुचेल ते जुळवत, आर्मस्ट्राँगची नक्कल करत तिनं गाणं तडीस नेलं. त्याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं.

उद्या आबांना ते ऐकवायचंय.