रंधा मशीनवाला नाही म्हणाला, म्हणून राऊटर टेबल

जुनं लाकूड घेऊन रंधा मशीनवाल्याकडे जाणार असाल, तर पहिल्याच भेटीत हो की नाही ते वदवून घ्या. आमच्या गावच्या घराचा माळा उतरवला तेव्हा चांगल्या सागवानी फळ्या निघाल्या, इंचभर जाड, साडेचार फूट लांब. त्या जोडून जेवणाचं टेबल करायचं होतं आणि त्यासाठी फक्त कडा सरळ, काटकोनात हव्या होत्या. मशीनवाल्यानं बरेच दिवस "उद्या बघू" केलं आणि शेवटी म्हणाला, "जुनं लाकूड घेत नाही साहेब. आत खिळा मोडलेला असतो, पात्याला खाच पडली की पुढच्या प्रत्येक फळीवर रेघ उठते." त्याचं म्हणणं खरं आहे. राग आहे तो त्या "उद्या बघू"चा, आणि तो अजून गेलेला नाही.

कडा मग राऊटर टेबलवर केल्या. राऊटर म्हणजे वेगानं फिरणाऱ्या पात्यानं, म्हणजे बिटनं, लाकूड कापणारं यंत्र. ते टेबलाखाली उलटं बसवतात आणि बिट वर डोकावतं. फळीची एक बाजू हातरंध्यानं सपाट करून घेतली, कारण इथे फळी टेबलावर आडवी झोपते आणि बाजूच डगमगत असेल तर कडेला काटकोन येणारच नाही. खिळे शोधायला दोऱ्याला छोटं लोहचुंबक बांधून फळीवरून फिरवलं, खिळ्याजवळ ते ओढ घेतं. सागवानात सिलिका असते, साधं पोलादी बिट लवकर बोथट होतं. कार्बाइडचंच सरळ बिट घ्या, फळीच्या जाडीपेक्षा लांब धारेचं.

तत्त्व सोपं आहे. फेन्स म्हणजे टेबलावरची उभी पट्टी, जिला टेकवून फळी सरकवायची. तिचे दोन भाग, मध्ये बिट. बिट ओलांडून फळी ज्या भागावर जाते, तो डावा भाग थोडा पुढे हवा, जेवढं लाकूड निघतं तेवढा. त्यासाठी डाव्या भागावर सनमाइकाचा तुकडा चिकटवायचा. आमचा साधारण १ मिमीचा होता.

आणि इथेच मी अडकलो. प्रत्येक फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा. बाकी कड काचेसारखी, आणि शेपटीला खड्डा. दोन फळ्या एकमेकींना लावून खिडकीसमोर धरल्या की त्या टोकाला उजेडाची फट दिसायची. सगळे सनमाइकाच्या जाडीकडे बोट दाखवतात. जाडी अगदी मोजून घ्या, चिकटपट्टीची जाडी धरा, वगैरे. मी ठामपणे सांगतो, त्या जाडीला फारसं महत्त्व नाही. ती फक्त एका फेरीत किती लाकूड निघेल ते ठरवते. महत्त्व एकाच गोष्टीला आहे, बिटची धार आणि डाव्या फेन्सचा चेहरा एका रेषेत असणं. धार त्या चेहऱ्याच्या पुढे असेल, तर फळी उजव्या फेन्सचा आधार सोडते त्या क्षणी आत ढकलली जाते आणि बिट जास्त खातं. तोच तो खड्डा. धार मागे असेल, तर फळीचं नाक डाव्या फेन्सच्या कडेवर अडकतं.

रेषा जुळवायला प्लग काढून, स्टीलची पट्टी डाव्या फेन्सवर टेकवून बिटच्या पुढे काढायची आणि बिट हातानं फिरवायचं. धार पट्टीला जेमतेम घासली पाहिजे, पट्टी ढकलली जाता कामा नये. हे मी केलं होतं. तरी खड्डा! कारण सापडलं ते क्लॅम्प आवळताना. पट्टी लावून जुळवलेली फेन्स क्लॅम्प घट्ट होताना केसभर मागे सरकत होती. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी, तेवढं सरकणंही सागवानाच्या कडेवर दिसतं.

उपाय असा. फेन्सच्या मागे, डाव्या टोकाला, टेबलावर लाकडी ठोकळा पक्का केला आणि त्यातून ६ मिमीचा बोल्ट घातला, त्याचं टोक फेन्सच्या पाठीला टेकलेलं. या बोल्टचा आटा १ मिमीचा, म्हणजे पाव फेरा फिरवला की फेन्सचं ते टोक पाव मिमी पुढे येतं. उजवं टोक आवळलेलं असल्यामुळे मधल्या बिटजवळ सरकणं त्याच्या निम्मं. एवढी बारीक हालचाल हातानं कुणाला जमत नाही. आता क्लॅम्प आवळले तरी फेन्स मागे जाऊच शकत नाही. त्यानंतर पहिल्या फळीची शेपटी सरळ आली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

फळी उजवीकडून डावीकडेच सरकवा, बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट सरकवलीत तर बिट ती हातातून खेचून नेतं. फेन्स आणि बिट यांच्या मध्ये फळी कधीच घालू नका. लाकडाच्या तंतूंच्या रेषा उलट्या असून लाकूड उचकटत असेल, तर फळी पालथी करा, तीच कड दुसऱ्या टोकाकडून जाईल. मास्क लावा, सागवानाचा भुसा घशाला फार लागतो.

काटकोनात थोडी कसर राहिलीच, तर जोडीतली एक फळी सुलटी आणि दुसरी उलटी ठेवून कापा. एकीचा ८९.५ अंश झाला तर दुसरीचा ९०.५ होतो आणि टेबलाचा माथा सपाट बसतो.  सांधा चिकटवण्याआधी कड थिनरनं पुसा, सागवानाचं तेल फेविकॉलला पकडू देत नाही.

फळी मधून चांगलीच वाकलेली असेल तर या फेन्सवर सरळ होणार नाही. ती आधी सरळ पट्टीच्या आधारानं कापून मगच इथे आणा. आणि बिट विकत घेताना शँक, म्हणजे बिटचा दांडा, किती जाड आहे ते बघा. दुकानात १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, एकाच ट्रेमध्ये पडलेले असतात. अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये, म्हणजे राऊटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत, १२ मिमीचं बिट आवळलं तरी पक्कं धरलं जात नाही, आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर ते निसटणं परवडणारं नाही.