पित्तरसात तरंगणारे जंतू

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये मॅकाँकी अगारच्या (जंतू वाढवायच्या एका जेलीच्या) प्लेट सगळेच ओततात, पण त्यात बाइल सॉल्ट, म्हणजे बाइलमधले (पित्तरसातले) क्षार, कशाला घालतात याचं उत्तर तोंडी परीक्षेपुरतं, ग्रॅम पॉझिटिव्ह गटातले जंतू वाढू नयेत म्हणून, विषय संपला. मग त्याच प्लेटवर आतड्यातला जंतू ई. कोलाय गुलाबी कॉलन्या (जंतूंचे ठिपके) टाकून मजेत कसा वाढतो आणि शेजारी टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेला बिनरंगी कॉलन्यांनी कसा टिकतो, हे कोणी विचारतच नाही.

बाइल सॉल्ट म्हणजे भांड्याचा साबण समजा. तेलतूप फोडायला यकृत ते बनवतं, पण जंतूच्या आवरणातही चरबी असतेच ना, ते फाटतं, आणि बाइल आत शिरलं की प्रोटीन बिघडतात, डीएनएसुद्धा तुटतो. म्हणून डीएनए दुरुस्तीची काही जीन्स बाद केली की साल्मोनेला बाइलमध्ये तग धरत नाही.

यातून वाचायला ई. कोलाय, साल्मोनेला यांच्याकडे एसीआरएबी-टॉलसी नावाचा पंप असतो, आत आलेलं बाइल थेट बाहेर फेकायचं. (हाच पंप काही अँटिबायोटिकही बाहेर फेकतो, म्हणजे आपलीच पंचाईत.) लॅक्टोबॅसिलसवाले (दह्यातल्या जंतूंचं कूळ) वेगळे, ते एन्झाइमने बाइल सॉल्टचा तुकडाच पाडतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते स्पेनमधल्या सेव्हिलच्या संशोधकांचं 2012 चं काम. साल्मोनेलाला आधी थोडं बाइल दिलं की नंतरचा जबर डोसही तो पचवतो, पण बाइल काढून परत वाढवला की सगळं विसरतो, कारण डीएनए बदललेलाच नसतो, फक्त जीन्स चालू-बंद झालेली असतात. आणि सवय न लावता एकदम जबर डोस दिला तर मोजकेच वाचतात, त्यातल्या काहींत खरंखुरं म्युटेशन, म्हणजे डीएनएतलाच बदल, असतं, बऱ्याचदा बाहेरच्या आवरणाशी संबंधित जीन्समध्ये, आणि गंमत म्हणजे ती म्युटेशन्स बाइल यायच्या आधीच झालेली असतात, बाइल फक्त निवड करतं!

पित्ताशयात तर हा रस आणखी घट्ट होतो, तरी टायफॉइडचा जंतू तिथे पित्ताच्या खड्यांवर बायोफिल्म (चिकट थर) करून वर्षानुवर्षं राहतो आणि माणूस धडधाकट दिसत कॅरियर, म्हणजे रोग पसरवणारा वाहक, होतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच, 1907 मध्ये सापडली, पित्ताशय काढू म्हटलं तर साफ नाही म्हणाली. मला तिला दोष देववत नाही, स्वतःला काही होत नसताना, तेही त्या काळात, पोट कोण कापून घेईल?