झाकली मूठ: फ्रान्समध्ये मत गुप्त व्हायला ६५ वर्षं का लागली

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा इतिहास वाचताना मताधिकाराचे सन आपल्या लक्षात राहतात. १८४८ मध्ये सगळ्या पुरुषांना मत, १९४४ मध्ये बायकांना. पण मतदानाच्या दिवशी ती चिठ्ठी कुणी लिहिली, कुठे लिहिली आणि पेटीत कुणाच्या हाताने पडली, हे सहसा कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच राजकारण खरं समजतं ते या चिठ्ठीच्या प्रवासातून, असं माझं ठाम मत आहे.

आधी मतदार कोण होते ते पाहू. नेपोलियन गेल्यावर आलेल्या १८१४ च्या सनदेनुसार मत द्यायला वय ३० पूर्ण हवं आणि वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरलेला हवा. निवडून यायचं असेल तर वय ४० आणि कर १,००० फ्रँक. तीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम लाखभर. १८३० मध्ये पॅरिसने पुन्हा राजा घालवला आणि १९ एप्रिल १८३१ च्या कायद्याने अट २०० फ्रँक आणि वय २५ वर आली. तरीही १८४६ मध्ये साडेतीन कोटी लोकांमागे मतदार सुमारे २ लाख ४० हजारच होते.

हे २०० फ्रँक मोजायचे कसे, यातच त्या काळचा समाज दिसतो. चार कर धरले जात: जमीन आणि घरावरचा, माणशी आणि राहत्या घराच्या भाड्यावरून बसवलेला, धंद्याच्या परवान्याचा, आणि दारं-खिडक्यांचा. हा शेवटचा कर १७९८ मध्ये सुरू झाला आणि १९२६ पर्यंत टिकला. रस्त्याकडे, अंगणाकडे किंवा बागेकडे उघडणारं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी मोजली जायची, म्हणून कित्येकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. नवऱ्याच्या खात्यात बायकोचा कर धरला जाई. विधवेने भरलेला कर ती सांगेल त्या मुलाच्या, नातवाच्या किंवा जावयाच्या नावे लागे. म्हणजे बाईच्या पैशाने घरातला पुरुष मतदार व्हायचा आणि ती स्वतः मात्र यादीबाहेर. सरकारने जमीनकर कमी केला की काठावरचे मतदार आपोआप गळायचे, कारण आधीच्या ३०० फ्रँकांच्या अटीच्या काळात ३०५ फ्रँक भरणारा माणूस सूट मिळून २९५ वर आला की यादीतून बाद. कर कमी झाल्याचा आनंद आणि मत गेल्याचं दुःख एकाच पावतीवर.

आता मतदानाची खोली. १८३१ च्या कायद्यातलं हे वर्णन मला फार मोलाचं वाटतं. मतदाराचं नाव पुकारलं जाई. मतदान केंद्राचा अध्यक्ष त्याला एक कोरी, उघडी चिठ्ठी देई. अध्यक्षांच्या मेजापासून वेगळं ठेवलेलं एक टेबल असे. तिथे जाऊन मतदार गुप्तपणे नाव लिही, किंवा आपल्या विश्वासातल्या दुसऱ्या मतदाराकडून लिहून घेई. मग घडी घालून चिठ्ठी अध्यक्षांच्या हातात, आणि अध्यक्ष ती पेटीत टाकत. कागद सरकारी, सगळ्यांचा सारखा. लिहिणं खोलीतच, पण बाजूला. एखाद्या मतदारसंघात १५० मतदारही भरत नसतील, तर २०० फ्रँकांच्या खालच्यांपैकी सर्वाधिक कर भरणाऱ्यांना घेऊन आकडा पुरा करायचा, अशी तरतूद होती. इतकी थोडी माणसं असली की प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख, प्रत्येकाला नावाने ओळखायचा. कुणाच्या मुलाला नोकरी हवी, कुणाच्या गावाला रस्ता हवा, हे त्याला माहीत असे, त्यामुळे दबाव होताच. तरी लिहिण्याच्या क्षणी त्या श्रीमंत मतदाराला एक टेबल आणि एक सारखा कागद कायद्याने मिळत होता, हे लक्षात ठेवा. कारण पुढे लाखो गरिबांना मत मिळालं तेव्हा नेमकं हेच टेबल गेलं.

फेब्रुवारी १८४८ मध्ये राजेशाही पडली. ५ मार्चच्या हुकुमाने २१ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत मिळालं, अट फक्त सहा महिने वास्तव्याची. दोन-अडीच लाखांचे एका झटक्यात ९० लाखांहून जास्त मतदार झाले. मतदान २३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी सुरू झालं, आणि सुमारे ८४ टक्के लोकांनी मत दिलं. मतदान गावात नव्हतं, कँतोंच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, मुख्य ठिकाणी होतं, म्हणून गावंच्या गावं चालत गेली. नॉर्मंडीतल्या तोकव्हिल गावचे १७० च्या आसपास मतदार दोन-दोनच्या रांगेत, नावांच्या वर्णानुक्रमाने, सेंट-पिएर-एग्लीझला निघाले. गावचे जहागीरदार आलेक्सी द तोकव्हिल हेही आपल्या आद्याक्षराच्या जागेवर रांगेत चालले. वाटेत टेकडीवर थांबून त्यांनी लोकांना सांगितलं की मतदान होईपर्यंत पांगू नका, वाटेत कुणी थांबवून फसवू नये. नंतर त्यांनी लिहून ठेवलंय की जवळजवळ सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असावीत. जहागीरदारासोबत रांगेने चालत जाऊन टाकलेलं मत किती आपलं असतं, हा प्रश्न त्या रांगेतच आहे.

टेबल का गेलं? त्याला दोन साधी कारणं होती. एक, ९० लाख लोकांनी एकेक करून टेबलाशी बसून लिहायचं म्हटलं तर दिवस पुरणार नव्हते, आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला लिहिता येत नव्हतं. दुसरं, १८४८ मध्ये अख्ख्या जिल्ह्याची यादी एकाच चिठ्ठीवर लिहायची होती. पॅरिस ज्यात येतं त्या सेन जिल्ह्यात एका मतदाराने ३४ नावं लिहायची होती. मग छापील याद्या आल्या. १५ मार्च १८४९ च्या कायद्याने पद्धत पक्की केली: चिठ्ठी मतदानाच्या खोलीबाहेरच तयार करून आणायची, कागद पांढरा, बाहेरून कुठली खूण नाही. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली अध्यक्षाकडे आणि दुसरी मतमोजणी करणाऱ्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे. मतदार घडी घातलेली चिठ्ठी अध्यक्षाच्या हातात देणार, आणि तो ती पेटीत टाकणार.

कागदावर हे निर्दोष दिसतं. बिघडायचं ते प्रत्यक्षात.

चिठ्ठी सरकार छापत नव्हतं, उमेदवार छापायचे. आपल्याकडे एकाच मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं असतात. तिथे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र चिठ्ठी. कागद पांढरा हवा एवढंच कायदा सांगे, जाडी किती, पोत कसा, आकार केवढा याबद्दल चकार शब्द नव्हता. एका उमेदवाराने जाड कागद घेतला आणि दुसऱ्याने पातळ, की अध्यक्षाच्या बोटांना लगेच कळे. पातळ कागदाची घडी उजेडात धरली तर नाव दिसे. जरा तिरका किंवा लांब कापलेला कागद दुरूनही ओळखू येई. आणि अध्यक्ष म्हणजे बहुतेक ठिकाणी गावचा मेयर. दुसऱ्या साम्राज्यात, म्हणजे १८५२ ते १८७० मध्ये, तो सरकारने नेमलेला असे. ज्याच्या हातात नोकरी, दाखला, परवाना, त्याच्याच हातात आपली चिठ्ठी द्यायची.

१८५२ नंतर नेपोलियन तिसऱ्याच्या राज्यात सरकारचा 'अधिकृत उमेदवार' ठरलेला असे. त्याची पत्रकं पांढऱ्या कागदावर छापली जात. यातला डाव असा की १७९१ पासून पांढरा कागद फक्त सरकारी जाहीरनाम्यांसाठी राखीव होता. म्हणजे भिंतीवर पांढरं पत्रक दिसलं की तो हुकूमच वाटे. विरोधकाने रंगीत कागदच वापरायचा. गावचा सरकारी रखवालदार घरोघरी जाऊन अधिकृत उमेदवाराची चिठ्ठी देई. मतदान दोन दिवस चाले, आणि मधल्या रात्री पेटी मेयरच्याच ताब्यात. काही खेड्यांत पेटी म्हणून झाकणाचं सूपचं भांडं ठेवलं जाई. दोन कुलपांचा नियम तिथे कुठे लावायचा?

त्याआधी ३१ मे १८५० ला आणखी एक घाव बसला होता. एकाच जागी तीन वर्षं वास्तव्य, आणि त्याचा पुरावा कराच्या नोंदवहीतून, ही अट घालून सुमारे ३० लाख मतदार वगळले गेले. कामासाठी गाव बदलणारे मजूर त्यात सर्वाधिक भरडले गेले. लुई-नेपोलियनने (हाच पुढे नेपोलियन तिसरा) डिसेंबर १८५१ मध्ये सत्ता बळकावली तेव्हा हा कायदा रद्द करून तो लोकांचा कैवारी ठरला. पहिल्या हुकुमात तर त्याने आपल्या सत्तेला मान्यता आहे का यावर उघड्या नोंदवहीत सही करून 'हो' किंवा 'नाही' लिहायला सांगितलं होतं. दोन दिवसांत तो हुकूम बदलून चिठ्ठी परत आणली. २०-२१ डिसेंबरला 'हो' सुमारे ७४ लाख, 'नाही' साडेसहा लाखांच्या आत.

१८७० नंतर तिसरं प्रजासत्ताक आलं. १८७५ पासून मतदान एकाच दिवसात संपू लागलं, १८८२ च्या कायद्याने पॅरिस वगळता सगळीकडे मेयर गावच्या निवडलेल्या परिषदेनेच निवडलेला होऊ लागला. पण चिठ्ठीचा मार्ग तोच राहिला. कारखान्यातला मुकादम दारात उभा राहून चिठ्ठी देई आणि मजूर ती हातात दिसेल अशी धरून मेजापर्यंत जाई. खिशात हात गेला की संशय.

उपाय जगाला माहीत होता. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियात १८५६ मध्ये, ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये, बेल्जियममध्ये १८७७ मध्ये गुप्त मतदानाचे कायदे झाले होते. जर्मनीनेही १९०३ मध्ये पाकीट आणि आडोसा आणला. फ्रान्समध्ये मसुदे येत राहिले आणि दोन्ही सभागृहांत अडकत राहिले. स्वतंत्र नागरिकाने लपून का मत द्यावं, हा युक्तिवाद वारंवार झाला. मला तो कधीच पटला नाही. ज्याची रोजीरोटी दुसऱ्याच्या मर्जीवर नाही, त्यालाच उघड मत परवडतं.

अखेर २९ जुलै १९१३ ला कायदा झाला. पाकीट अपारदर्शक, बिनगोंदाचं, शिक्का मारलेलं आणि सगळ्यांना एकाच प्रकारचं. दर ३०० मतदारांमागे किमान एक आडोसा, ज्याला फ्रेंचमध्ये 'इझोल्वार' म्हणतात. तो असा ठेवायचा की बाकी कामकाज लोकांच्या नजरेआड जाता कामा नये. पाकिटात दोन वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या निघाल्या तर मत बाद, एकाच नावाच्या निघाल्या तर एकच मत. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम: मतदाराच्या हातात एकच पाकीट आहे एवढं अध्यक्षाने पाहायचं, पाकिटाला हात लावायचा नाही, आणि मतदाराने ते स्वतः पेटीत टाकायचं. एप्रिल १९१४ च्या निवडणुकीत हे पहिल्यांदा अमलात आलं.

या सगळ्यात बायका अजून बाहेरच होत्या. स्त्री-मताधिकारासाठी लढणाऱ्या युबर्टीन ओक्लेरने १८८० मध्ये मत नाही तर कर नाही म्हणून कर नाकारला, १९०८ मध्ये पॅरिसच्या एका केंद्रात मतपेटी उलथवली. खालच्या सभागृहाने १९१९ मध्ये मान्य केलेला स्त्री-मताधिकार सिनेटने १९२२ मध्ये फेटाळला. विधवेचा कर जावयाच्या नावे लिहिणारा १८३१ चा कायदा आणि बायकांनी पहिल्यांदा मत दिलं तो २९ एप्रिल १९४५ चा दिवस, यांत ११४ वर्षं गेली.

आजही फ्रान्समध्ये मतदाराला टेबलावर प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी ठेवलेली मिळते. एकच उचलली तर बघणाऱ्याला कळेल, म्हणून दोन-तीन उचलायच्या, पाकीट घ्यायचं, पडद्याआड जाऊन हवी ती पाकिटात घालायची. १९८८ च्या कायद्याने पेटी पारदर्शक केली, त्यामुळे पाकीट तळाशी पडताना खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं, आणि अध्यक्ष मोठ्याने पुकारतो, 'आ व्होते', मत दिलं.