तारीख १५ मेची, माणूस लुइझियानात

दर शुक्रवारी संध्याकाळी मी न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका बाईंकडून आठवड्याच्या पोळ्या आणते. त्यांच्याकडे लाटायला मेहसाण्याची एक मुलगी येते. मला दीदी म्हणते. गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी तिने डब्याबरोबर तिचा मोबाइलही माझ्या हातात दिला. "दीदी, यात नंबर कुठे टाकायचा?"

इमिग्रेशनच्या ताब्यातला माणूस कुठे आहे, ते शोधायचं पान होतं. इमिग्रेशनने दिलेला नऊ आकडी ए-नंबर टाकायचा आणि जन्माचा देश निवडायचा, एवढंच. मी यादीत खाली सरकत इंडियावर बोट ठेवलं. तिच्या नवऱ्याचं नाव आलं, पुढे "कस्टडीत", खाली लुइझियानातल्या एका केंद्राचा पत्ता. इथून दोन हजार किलोमीटर. तिने विचारलं, "बस जाते का तिथे?"

झालं होतं ते असं. जानेवारीच्या शेवटी तो एका मोठ्या दुकानात गेला होता. सेल्फ-चेकआउटवर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातला पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि पोरीचं जॅकेट, या दोन वस्तू स्कॅन झाल्या नाहीत. दारात अडवलं, पोलिस आले, दुकानातून चोरी केल्याचा आरोप लागला, हातात समन्स देऊन घरी सोडलं. तो म्हणतो विसरलो, दुकान म्हणतं चोरी. हा वाद सोडवायलाच तर कोर्ट असतं. दिलेल्या तारखेला तो वेळेआधी कोर्टात पोहोचला, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढची तारीख घेऊन बाहेर आला, तर पार्किंगमध्ये इमिग्रेशनच्या दोघांनी नाव विचारलं आणि त्याला ताब्यात घेतलं. ती गाडीतच बसलेली होती. त्याने काचेतून किल्ली तिच्याकडे दिली. तिला गाडी चालवता येत नाही.

त्याला ज्या कायद्याखाली धरलं, तो मी रात्री बसून वाचला, मग पुन्हा वाचला. लेकन रायली हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये नर्सिंग शिकणारी ही बावीस वर्षांची मुलगी सकाळी पळायला गेली आणि तिचा खून झाला. मारणारा व्हेनेझुएलाचा, बेकायदा सीमा ओलांडून आलेला. त्याआधी दुकानातून चोरी केल्याबद्दल त्याला जॉर्जियातच पकडून सोडून दिलेलं होतं. त्याला जन्मठेप झाली. मला मुलगी आहे. त्या आईवडिलांच्या जागी मी असते तर हाच प्रश्न विचारला असता, की तेव्हाच आत का नाही ठेवलं? म्हणून या कायद्यामागचा राग मला परका वाटत नाही.

२९ जानेवारी २०२५ ला तिच्याच नावाने कायदा झाला. ज्यांचा या देशातला प्रवेश रीतसर नाही, अशा परदेशी माणसावर घरफोडी, चोरी, दुकानातली चोरी, पोलिसावर हल्ला, किंवा कुणाचा जीव जाईल वा गंभीर इजा होईल असा गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर इमिग्रेशनने त्याला कोठडीत ठेवलंच पाहिजे. जामीन नाही. जीव घेणारा आणि बाटल्यांच्या खोक्याचे पैसे न देणारा एकाच यादीत. आणि दोष सिद्ध व्हायची गरज नाही, नुसती अटक किंवा नुसता आरोप पुरतो.

माझं सगळं अडलं ते इथे. सक्तीची कोठडी नवी नाही, १९९६ च्या कायद्यातही आहे. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती घटनेत बसते असं म्हटलं, पण तो खटला होता गुन्हा शाबीत झालेल्या माणसाचा. सहाव्या वर्षी दक्षिण कोरियातून आलेला, ग्रीन कार्ड असलेला मुलगा होता तो. कोर्टाने मान्यता देताना ही कोठडी थोड्या काळाची असते, हेही धरून चाललं होतं. आता आरोपच शिक्षेच्या जागी येऊन बसलाय. या कायद्याच्या आधी तिचा नवरा इमिग्रेशन जज्जापुढे उभा राहून म्हणू शकला असता, की माझं घर इथे आहे, आश्रयाचा अर्ज दिलाय, कामाचा परवाना आहे, मी तारखेला हजर राहतो. जज्जाला पटलं तर कमीत कमी दीड हजार डॉलर भरून सुटका. पटलं नसतं तर नसतं. पण कुणीतरी समोर बसून त्याचं ऐकलं असतं. आता ऐकायलाच कुणी नाही.

इमिग्रेशनचे जज्ज न्यायव्यवस्थेतले नसतात, सरकारच्याच न्याय खात्याचे नोकर असतात. ही कोठडी कागदोपत्री शिक्षाही नसते, दिवाणी बाब असते, म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. आमचं न्यू जर्सी यात चांगलं आहे, मला त्याचा अभिमान आहे. इथे कोठडीत असलेल्यांच्या वकिलांसाठी राज्य स्वतः पैसे देतं. पण त्याला तर विमानात घालून दक्षिणेत नेलं होतं.

रविवारी आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला. तिने पहिलं विचारलं, "तुला नाही ना काही होणार?" मी म्हटलं, "अगं, माझं ग्रीन कार्ड आहे, आम्ही नियमाने आलो." पाठोपाठ काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तुमच्या अमेरिकेतही असं असतं होय?" मला ते फार लागलं. मी लगेच सांगितलं, काका, आपल्याकडे २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे तुरुंगातल्या दर चारपैकी तीन माणसं कच्चे कैदी आहेत, आधी ते बघा. काका शांतपणे म्हणाले, "पण आपल्याकडच्या कैद्याला जामीन मागता तरी येतो ना?" ते खरंच होतं. अमली पदार्थांचा कायदा किंवा दहशतवादविरोधी यूएपीएसारख्या कडक कायद्यांत जामीन मिळणं फार अवघड, पण जामिनाचा अर्ज आपल्याकडे न्यायाधीशापुढे जातोच. बेल हा नियम आणि जेल अपवाद, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलं. पाळलं किती जातं ते सगळ्यांना माहीत आहे, पण लिहिलेलं तरी आहे.

फोन ठेवल्यावर मला माझंच वाक्य टोचत राहिलं. "आम्ही नियमाने आलो." आलोच. ग्रीन कार्डसाठी बारा वर्षं रांगेत काढली, वडील गेले तेव्हा परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडेल या भीतीने जाऊ शकले नाही. ज्यांनी रांग मोडली त्यांच्याबद्दल मनात राग होता, आजही थोडा आहे, आणि तो चूक आहे असं मला वाटत नाही. पण रांग मोडल्याचा हिशोब वेगळा आणि चोरीच्या आरोपाचा वेगळा. आणि ग्रीन कार्ड म्हणजे काही किल्ला नाही. १९९६ च्या त्याच कायद्याने काही गुन्हे शाबीत झाले तर ग्रीन कार्डवाल्यालाही जामिनाशिवाय आत ठेवतात. नैतिक अधःपतन हा आपल्या सरकारी नोकरीच्या नियमांतला शब्द इथेही आहे, आणि चोरी त्यात बहुतेक वेळा बसते. आईला मी यातलं काही सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ती मुलगी कोर्टाचं पत्र घेऊन आली. चोरीच्या केसची पुढची तारीख, १५ मे. म्हणजे ज्या आरोपापायी त्याला आत ठेवलं, तो खरा की खोटा हे ठरवायला त्याने न्यू जर्सीत हजर राहायचं, आणि त्याच आरोपापायी तो हजर राहू शकत नाही. आला नाही तर वॉरंट निघणार. वॉरंट निघालं की तो तारीख चुकवणारा माणूस ठरणार. जो माणूस तारखेला वेळेआधी पोहोचला म्हणून सापडला, तो! त्याला परत पाठवलं, तर त्या खोक्याचा आणि जॅकेटचा निकाल कधीच लागणार नाही.

"त्यांना वाटेल पळून गेला," ती म्हणाली.

आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच पत्र लिहिलं. तिने हिंदीत सांगितलं, मी इंग्रजीत टाइप केलं. सोबत शोधपानाचा प्रिंट जोडला, नाव, "कस्टडीत", लुइझियानाचा पत्ता. सोमवारी मी अर्धा दिवस रजा घेऊन तिला कोर्टात नेलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आरोपी स्वतः का नाही आला?" तिने बोलायच्या ऐवजी प्रिंटवर बोट ठेवलं. बाईंनी दोन्ही कागद सावकाश वाचले, तारखेचा शिक्का मारला, जज्जापुढे ठेवते म्हणाल्या आणि एक प्रत परत दिली. तिने ती घडी न घालता पिशवीत ठेवली, माझ्या पोळ्यांच्या डब्याखाली, सपाट.