जहाजावर बिघडलं तर फोन कुणाला करणार?

आमचं दुकान रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या पुढे. बोर्डावर लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही असं सगळंच लिहिलंय पण खरं सांगायचं तर पोट सीसीटीव्हीवर भरतं. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम, हा माझा कॉलेजपासूनचा नाद, गिऱ्हाइकाला त्याचं काही पडलेलं नसतं, त्याला प्रिंटर चालला की झालं. त्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये एका सकाळी धो धो पावसात एक पोरगा रेनकोट निथळत आत आला आणि म्हणाला "दादा, तुम्ही लिनक्स टाकून देता असं ऐकलं", तेव्हा मला आधी वाटलं कोणीतरी माझी खेचतंय.

त्याने पाऊचमधून काढला तो हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर. सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूला स्टिक आणि बटणं, आत एएमडीचा चिप, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. कंपनी सोडा, तिचा इथे काही संबंध नाही. स्टीम डेक, म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांचा स्वतःचा हँडहेल्ड, भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, म्हणून जहाज सिंगापूरला लागलं तेव्हा सिम लिम स्क्वेअरला जाऊन जो आवडला तो घेऊन आला. पोरगा थर्ड इंजिनियर, बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर. त्या रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई, दुसऱ्या दिवशी विमान, आणि मग सहा महिने बोट. म्हणजे माझ्याकडे संध्याकाळी आठपर्यंतचा वेळ.

मी विचारलं, विंडोज आहे ना आत, मग लिनक्स कशाला? तर त्याने जे सांगितलं ते मला कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं. रात्री इंजिन रूममध्ये कोणी नसतं, आणि काही बिनसलं की अलार्म ड्युटीवाल्या इंजिनियरच्या केबिनमध्ये वाजतो. वाजला की बॉयलर सूट चढवायचा आणि जिन्याने खाली पळायचं. गेम सेव्ह करा, बाहेर या, शटडाऊन करा याला वेळ कुठला. त्याच्या आधीच्या जहाजावर सेकंड इंजिनियरकडे स्टीम डेक होता, तो नुसतं वरचं बटण दाबायचा आणि पळायचा, दोन तासांनी परत येऊन बटण दाबलं की तलवार हवेत होती तिथेच. "मला तसं पाहिजे," एवढीच त्याची मागणी.

दुसरी अट, विंडोज जायला नको. एमईओ क्लास टूच्या, म्हणजे जहाजावरच्या इंजिनियरच्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय आणि त्याचा प्रश्नसंच एका जुनाट एक्झी फाइलमध्ये आहे जी फक्त तिथेच चालते. तिसरी अट त्याने सांगितलीच नाही, ती मला उशिरा कळली, आणि सगळी गंमत तिथेच झाली.

माझ्या डोक्यात डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, आधीच ठरलेली होती. मी स्वतः आर्चवाला माणूस. घरी, दुकानात, बायकोच्या लॅपटॉपवर पण (तिला माहीत नाही). हँडहेल्डसाठी वेगळी आवृत्ती काढणारी एक आर्चवाली डिस्ट्रो आहे, फास्ट आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ताजा मिळतो, नवीन हार्डवेअरला ते लागतंच. नोबारा पण होती डोळ्यासमोर, फेडोरावर बेतलेली, प्रोटॉन-जीई काढणाऱ्या माणसाची (प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम). बॅटोसेरा म्हटलं तर जुने कन्सोलचे गेम खेळायला मस्त पण त्याला विचर ३ खेळायचा होता. आणि साधी उबुंटू टाकायची तर कंट्रोलर, वॅटेज, पंखा हे सगळं हाताने जुळवत बसा. मग काय, आपलीच बरी. गिऱ्हाइकाला न विचारता ठरवून मोकळा.

पहिला घोळ दहा मिनिटांत. मी सवयीने बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय) बंद केलं आणि विंडोज एकदा उघडून बघावं म्हटलं तर समोर निळा स्क्रीन, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. चूक शंभर टक्के माझी, आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं असतं हे मी दुसऱ्यांना सांगत असतो. की त्याच्या अकाउंटमध्ये होती, पण अकाउंटला नंबर जोडलेला जुना, आणि ते सिम घरी कपाटात पडलेल्या फोनमध्ये. त्याने आईला फोन लावला, आईने फोन शोधला, चार्जिंगला लावला, चालू व्हायला दहा मिनिटं, मग ओटीपी आला आणि काकी जोडी जोडी करून मराठीत सांगायला लागल्या. "एकोणऐंशी... मग सदतीस..." आणि हा पोरगा, जो समुद्रात हजारो हॉर्सपॉवरचं इंजिन सांभाळतो, तो मला हळूच विचारतो, "दादा, एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन का सेव्हंटी नाइन?" मला पण दोन सेकंद लागले, खोटं कशाला बोलू. तोवर ओटीपीची मुदत संपली, परत मागवला. की मिळाल्यावर आधी बिटलॉकर काढूनच टाकलं, विंडोजचं पार्टिशन आकसून २५० जीबीवर आणलं, बाकी मोकळं.

मग इन्स्टॉल. पेनड्राइव्हवरून बूट झालं ते सगळं आडवं पडलेलं. बऱ्याच हँडहेल्डमध्ये मुळात उभं पॅनेल असतं, ते आडवं बसवलेलं, त्यामुळे सिस्टिमला सांगेपर्यंत अक्षरं बाजूला झोपलेली दिसतात. आम्ही दोघं माना वाकड्या करून वाचतोय, शेजारचा झेरॉक्सवाला येऊन बघून गेला, काही बोलला नाही. तासाभरात सगळं उभं राहिलं, स्टीमचा बिग पिक्चर (हँडहेल्डसाठीचा मोठा मेनू) छान दिसतोय, बटणं चालतायत. मी म्हटलं शेवटचं एक अपडेट मारतो आणि चहा मागवतो.

आणि लाइट गेली.

यात माझी दुसरी चूक. टाइप-सीला एक स्वस्तातला हब लावलेला, त्यावर की-बोर्ड, पेनड्राइव्ह आणि चार्जर, आणि त्या हबमधून चार्जिंग जेमतेमच होत होतं, बॅटरी पाच टक्क्यांवर कधी आली ते बघितलंच नाही. दुकानाचा इन्व्हर्टर मे महिन्यातच बसलेला. कर्नल बदलून झाला होता, इनिट्रॅमएफएस (सिस्टिम चालू होताना लागणारी फाइल) बनत होतं, आणि त्याच्या मधोमध स्क्रीन काळा. चाळीस मिनिटांनी लाइट आल्यावर चालू केलं तर कर्नल पॅनिक. डिस्ट्रोचा दोष नाही यात, बॅटरी न बघता अपडेट मारणाऱ्या कोणाचंही हेच झालं असतं. स्नॅपशॉट, म्हणजे परत फिरायला जुनी प्रत, आधी लावून ठेवायची सोय असते, मी म्हटलं होतं नंतर लावू.

मी बेफिकीर. "काही नाही रे, पेनड्राइव्हवरून बूट करायचं, बिघडलेल्या सिस्टिममध्ये शिरायचं, परत एकदा कमांड मारायची, दहा मिनिटांचं काम."

तो शांतपणे म्हणाला, "दादा, हे बोटीवर झालं तर?"

"तेच करायचं की, मी सांगीन तुला."

"कसं सांगाल? वायफाय महिन्याला मोजून मिळतं, त्यात घरी बोलायचं का हे करायचं?"

काय बोलणार. ही ती तिसरी अट, बोटीवर बिघडलं तर त्याला एकट्याला सावरता आलं पाहिजे. आणि मग तोच म्हणाला, सहज, चहाचा कप हातात धरून, "आमच्याकडे लुब ऑइल पंप दोन असतात. एक चालू, एक स्टँडबाय. प्रेशर पडलं की दुसरा आपोआप सुरू होतो. चालत्या पंपाला कोणी हात लावत नाही, काम करायचं तर दुसऱ्यावर घ्यायचं आणि मग हा खोलायचा. तुमच्यात असं काही नसतं का?"

असतं. आणि मला ते माहीत होतं, फक्त मला ते कधी आवडलं नव्हतं, कारण तसल्या सिस्टिममध्ये मुख्य भाग फक्त वाचता येतो, आपल्यासारख्याला उचकपाचक करायला मिळत नाही. स्टीमओएस नेमकी तशीच आहे, सिस्टिमच्या दोन प्रती, ए आणि बी, एकीवर चालायचं आणि अपडेट दुसरीवर उतरवायचं. आणि २०२५ च्या मे मध्ये ३.७ आल्यापासून ती फक्त स्टीम डेकपुरती राहिली नव्हती, लेनोव्होच्या लिजन गो एसला अधिकृत झालेली आणि इतर एएमडीवाल्यांना पण रस्ता उघडलेला. पण तिची रिकव्हरी इमेज अख्खी डिस्क पुसते. एमईओ क्लास टू गेलं.

राहिली बॅझाइट. फेडोराच्या ॲटॉमिक घराण्यातली. यात अपडेट म्हणजे चालत्या सिस्टिममधल्या फाइली एकेक करून बदलणं नाही, शेजारी पूर्ण नवी प्रत तयार होते आणि पुढच्या बूटला तिच्यावर जायचं. जुनी तशीच राहते, बूट मेनूत खाली तिचं नाव दिसतं. स्टँडबाय पंपच, फरक एवढाच की आपोआप सुरू होत नाही, हाताने निवडावा लागतो. विंडोजच्या शेजारी नांदते. आणि हँडहेल्ड डीमन नावाचा प्रोग्रॅम तेव्हा आतच असायचा, त्यामुळे बटणं, जायरो, वॅटेज सगळं एका जागी.

दुपारी अडीचला परत पहिल्यापासून सुरू. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरतोय तोवर त्याने समोरून भजी आणली. इन्स्टॉल झाल्यावर मी एक गोष्ट केली जी एरवी गिऱ्हाइकासमोर कधीच केली नसती, अपडेट चालू केलं, अर्ध्यावर गेलं, आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. स्क्रीन काळा. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. परत चालू केलं, काहीच न झाल्यासारखी जुनी प्रत उभी राहिली. मग म्हटलं आता तू कर. त्याने केलं, दोनदा, दुसऱ्यांदा जरा जास्तच आनंदाने.

नंतर प्रत्येक गेम दुकानाच्या वायफायवर एकदा तरी चालू करायचा, हे सगळ्यात वेळखाऊ. लोकांना वाटतं गेम डाउनलोड झाला म्हणजे झालं. प्रोटॉनवर गेम पहिल्यांदा उघडतो तेव्हा त्याचं स्वतःचं एक छोटं खोटं विंडोज तयार होतं, व्हिज्युअल सी वगैरेच्या फाइली बसतात, स्टीमचा रनटाइम उतरतो. हे नेट असताना झालं नाही तर समुद्रात गोल गोल फिरणारं चक्र बघत बसा. विचर ३ विंडोजच्या बाजूला होताच, तो फोल्डर इकडे कॉपी केला आणि स्टीमने तपासून घेतला, परत पन्नासेक जीबी उतरवायला नको. स्टारड्यू व्हॅली तर लिनक्ससाठीच बनलेली आवृत्ती असते, ती लगेच. काही गेम त्याने जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात घेतलेले, ते हिरोइक लाँचरमधून टाकले, त्यांना कुलूप नसल्यामुळे ऑफलाइनची कटकटच नाही, खरं तर बोटीवरच्या माणसाने तिथूनच घ्यावेत. आणि एक सक्त ताकीद दिली, डेनुवो (चोरून कॉपी रोखणारं कुलूप) असलेल्या गेमचं प्रोटॉन व्हर्जन मध्येच बदलायचं नाही, त्याला वाटतं मशीनच बदललं आणि तो परवानगी मागायला नेटवर जातो.

व्हॅलोरंटचं त्याने विचारलंच, सगळे विचारतात. त्याचं अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, लिनक्सवर नाही चालत, विषय संपला. "बोटीवर पिंग किती येतो रे?" म्हटल्यावर तोच हसला.

सगळं झाल्यावर वायफाय बंद केलं, स्टीम ऑफलाइन मोडला टाकलं आणि पूर्ण रीस्टार्ट मारून एकेक गेम परत उघडून बघितला. एक अडला, त्याला नेट लावून परत एकदा चालवून घेतला. वॅटेज १५ वर, फ्रेम सेकंदाला ४० वर बांधले, कारण ३० वॅटवर तो पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि केबिनच्या पलीकडे कोणीतरी झोपलेलं असतं. मग खरी परीक्षा. विचरमध्ये घोडा पळतोय, मी अचानक ओरडलो "अलार्म!" आणि त्याने बटण दाबून हँडहेल्ड टेबलावर टाकला आणि खरंच दारापर्यंत पळाला. झेरॉक्सवाला परत आला बघायला. पाच मिनिटांनी बटण दाबलं, घोडा तिथेच.

शेवटी चालत्या प्रतीला पिन केलं. एरवी दोनच प्रती राहतात, नवी आली की सगळ्यात जुनी जाते. पिन केलेली जात नाही. एक छोटा फोल्डिंग यूएसबी की-बोर्ड दिला बूट मेनूसाठी, आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून पाऊचमध्ये टाकलं: "काळा स्क्रीन आला तर घाबरू नको. की-बोर्ड लाव. मेनूत खालचं नाव. एंटर." बिल सांगताना मलाच लाज वाटत होती, अर्धा दिवस माझ्या चुका निस्तरण्यात गेलेला, एका इन्स्टॉलचेच घेतले. स्टेशनवर वेळेत पोचला.

ऑगस्टमध्ये त्याचा व्हॉट्सॲप आला. कुठल्याशा बंदरात सीमेन्स क्लबचं फुकट वायफाय मिळालं म्हणून याने अपडेट मारलं, मी नको म्हटलं होतं तरी, आणि एका बाजूची बटणं चालेनात. मी वाचून उत्तर लिहायला घेतलं तोवर खाली दुसरा मेसेज दिसला, फोटो होता. इंजिन कंट्रोल रूमच्या टेबलावर हँडहेल्ड, शेजारी तो फोल्डिंग की-बोर्ड, ग्रीसचा बोटाचा ठसा उमटलेलं माझं कार्ड, आणि स्क्रीनवर बूट मेनूत दुसरी ओळ निवडलेली. "स्टँडबायवर घेतला दादा. ओके आहे." दोन्ही मेसेजची वेळ बघितली तर मध्ये सहा मिनिटं.

त्याच आठवड्यात काकी दुकानात आल्या. पदराखालून तो जुना फोन काढून काउंटरवर ठेवला, चार्जरसकट. म्हणाल्या, "हा इथेच ठेवा तुमच्याकडे. परत कसले नंबर आले तर तुम्हीच वाचा, मी सांगितलेलं त्याला कळत नाही."

ठेवलाय मी ड्रॉवरमध्ये. दर महिन्याला रिचार्ज त्याच करतात.