वरचं दार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं, ‘शाळेच्या गोड आठवणी लिहून पाठवा, शब्दमर्यादा ९००.’ गोड आठवणी माझ्याकडेही आहेत. गणिताच्या सरांनी भिरकावलेला खडू वर्गात कुणीही बोललं तरी माझ्याच डोक्यावर यायचा. स्नेहसंमेलनात मी झाड झालो होतो आणि ऐन प्रसंगात झाडाला शिंक आली होती. पण असलं काहीबाही प्रत्येकजण लिहील. मला जिन्याबद्दल लिहायचंय. रौप्यमहोत्सवी अंकात त्या दिवसाला दोन ओळी मिळाल्या होत्या आणि त्या दोन ओळींत जी असायला हवी होती ती नव्हती.

मी पाचवीत होतो. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधली सुट्टी संपून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, पहिल्या मजल्यावरच्या विजेच्या बोर्डातून धूर यायला लागला. खरं सांगायचं तर आग म्हणावी अशी आग लागलीच नाही. शिपाईकाकांनी मेन स्विच पाडला, वाळूची बादली ओतली, विषय संपला. पण तोवर कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं होतं.

जिना एकच. खाली दोन झडपांचं दार. त्यातलं डावं झडप कायम खिटी लावून बंद, कारण उघडं राहिलं की वाऱ्यानं आपटायचं आणि खालच्या वर्गांना त्रास व्हायचा. इतकं साधं कारण. पहिल्या मजल्यावरची सगळी पोरं एकदम त्या अर्ध्या दारावर गेली. पुढचं एक पडलं, त्याच्यावर दुसरं. मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, ते ढकलत राहिले.

त्या दिवशी शाळेनं दोन मुलं गमावली. एक दुसरीतलं, एक तिसरीतलं. त्यांच्या घरच्यांनी पुढची वर्षं कशी काढली असतील, यावर मी लिहिणार नाही. तो माझा अधिकार नाही.

दहावीतल्या एका मुलाला नंतर पदक मिळालं. रास्तच होतं. तो बाहेरच्या बाजूनं आला, उजव्या फटीतून आत हात घालून त्यानं खिटीशी झटापट केली. ती निघेना, तेव्हा ढिगाऱ्यात वर असलेली पोरं एकेक करून उचलून बाहेर घेतली. खालच्यांना ओढून उपयोग नसतो, ती निघतच नाहीत. आधी वरचं वजन उतरवावं लागतं. हे त्याला कसं सुचलं देव जाणे. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले होते. रौप्यमहोत्सवी अंकातल्या दोन ओळी त्याच्या आहेत.

आता दुसऱ्या मजल्यावर या. तिथं आम्ही पाचवी-सहावीचे शंभरेक जण होतो आणि जिन्याच्या तोंडाशी नववीतली एक ताई उभी होती. तिला भूगोलाचा नकाशा आणायला खाली पाठवलं होतं. नकाशा घेऊन ती जिन्यातच होती, तेव्हा खाली हे सुरू झालं. तिनं ते पाहिलं. दाराजवळ काय चाललंय हे वरच्या मजल्यावर फक्त तिला माहीत होतं. उलट फिरून ती वर पळत आली. गुंडाळलेला नकाशा तिनं दाराच्या चौकटीत अडसरासारखा आडवा धरला, दोन्ही दांडे दोन्ही बाजूंना टेकवले आणि म्हणाली, “खाली कुणी जायचं नाही. बसा.”

धुराचा वास वर येत होता, आणि ही म्हणते बसा! आम्ही तिला काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. कुणी केस ओढले, कुणी नडगीवर लाथा घातल्या. मी सगळ्यांत पुढे होतो. तिच्या मनगटाला मी कडकडून चावलो. रक्ताची चव अजून आठवते, आणि तिनं हात काढला नाही हेही. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती “बस, बाळा, बस” म्हणत राहिली. पुढचे आम्ही थकून बसलो, मग मागचेही बसले. बसलेल्या माणसाला ढकलता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. बऱ्याच वेळानं खालून शिपाईकाकांची हाक आली, तेव्हा तिनं आम्हाला पाच-पाच करून सोडलं. पाच खाली पोचल्याचा आवाज आला की पुढचे पाच.

आग विझलीय हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, हे लक्षात घ्या. आग खरी असती तर? हा प्रश्न पुढे शिक्षकांच्या खोलीत चांगलाच चघळला गेला. “पोरं कोंडून ठेवली तिनं,” असं म्हणणारेही निघाले. आणि नकाशा फाटला म्हणून तिला चार शब्द ऐकावे लागले ते वेगळेच.

पुढे मी इमारतींचे आराखडे तपासण्याच्या कामात पडलो. (त्या घटनेनं प्रेरणा वगैरे घेऊन नव्हे, हव्या त्या शाखेला मार्क कमी पडले म्हणून.) शिकताना इंग्लंडमधल्या संडरलंडचा व्हिक्टोरिया हॉल समोर आला. १६ जून १८८३. मुलांसाठी खेळ ठेवला होता. शेवटी भेटवस्तू वाटणार म्हटल्यावर गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या तळाचं दार आतल्या बाजूनं उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून खिटी लावलेलं. १८३ मुलं गेली, ३ ते १४ वयाची. चिरडून म्हणतो आपण, पण अशा गर्दीत बहुतेकांचा जीव जातो तो छाती फुगायला जागा न मिळाल्यानं, श्वास कोंडून. बाहेरची माणसं दार ओढत होती, खिटी मात्र मुलांच्या बाजूला. पुढे दाबलं की उघडणारे आडव्या दांड्याचे दरवाजे आले, त्यामागे ही घटना आहे.

वाचता वाचता मी अडलो तो हॉलच्या रखवालदाराशी. दार हलेना म्हटल्यावर तो दुसऱ्या जिन्यानं वर गेला आणि वरून खाली यायला निघालेली सुमारे ६०० मुलं त्यानं दुसरीकडे वळवली. रेटा वरून येतो, तेव्हा तो वरच तोडावा लागतो. आम्हाला हे पुस्तकातून शिकवलं. चौदा वर्षांच्या मुलीला ते जिन्याच्या अर्ध्यावर, हातात नकाशा असताना उमगलं होतं.

म्हणजे थांबवणं नेहमीच बरोबर, असं मात्र नाही. जपानमध्ये कामाइशीला ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर माध्यमिक शाळेची मुलं थांबलीच नाहीत, सरळ उंचावर पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं आधी इमारतीतच वर गेली होती. मोठी पळताना दिसली तशी तीही बाहेर पडली. वाटेत मोठ्यांनी लहानांचे हात धरले. पहिल्या ठरलेल्या जागी पोचल्यावरही ती तिथं टिकली नाहीत, आणखी वर गेली. मागे त्सुनामीनं दोन्ही शाळा गिळल्या. पण त्या मुलांनी याचा वर्षानुवर्षं सराव केला होता. आमच्याकडे सराव म्हणजे शनिवारची कवायत, दक्ष-विश्राम.

हे सगळं लिहायचं तर तिला विचारायला हवं होतं. नंबर मिळवायला आठ दिवस गेले. फोनवर मी नाव सांगितलं, तिला काही आठवेना. शेवटी म्हटलं, “ताई, मी तुमच्या हाताला चावलो होतो.”

पलीकडे क्षणभर काही नाही. मग हसू. “तो तू होतास होय! अरे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं मला तुझ्यापायी.”

मी अंकाचं सांगितलं. नाव घालू का विचारलं. नको म्हणाली, त्या दोन घरांतलं कुणी वाचेल, त्यांना काय वाटेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलं कधी आठवतात का, असं मी विचारलं नाही. तीच म्हणाली की खाली जाऊन तिसरीतल्याला तरी ओढता आलं असतं का, हे अजून कधी कधी रात्री येतं मनात. मी तिला संडरलंडचं सांगायला लागलो, रेटा, खिटी, रखवालदार. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं.”

फोन ठेवता ठेवता म्हणाली, “लिहितोयस तर एक लिही. तो नकाशा आधीपासूनच फाटलेला होता. मी तेव्हाही सांगत होते, कुणी ऐकलं नाही.”